सोनौलीला बस थांबवायलाच हवी

प्रश्न : आम्ही तीन पिढ्यांपासून बडोद्यात, दांडिया बाजारात राहतो. माझा नातू १३ वर्षांचा असून इथल्या एका शाळेत आठवीत शिकतो. त्याचा जन्म न्यू जर्सीचा, त्यामुळे पासपोर्ट अमेरिकेचा आहे. सहा वर्षांपूर्वी मुलगी त्याला घेऊन बडोद्याला परत आली. जावई नोकरीमुळे अजून तिकडेच आहेत. यंदा शाळेची सहल नेपाळला जाणार आहे. रेल्वेने गोरखपूर, तिथून बसने सीमेवरच्या सोनौलीमार्गे लुंबिनी, पोखरा, काठमांडू आणि त्याच वाटेने परत, असा नऊ दिवसांचा बेत आहे. शाळेने सगळ्यांकडून आधार कार्डाची प्रत मागितली. नातवाचे आधार आहे म्हणून आम्हीही ती दिली. मुलगी म्हणते की त्याला व्हिसा लागेल. वर्गशिक्षिका म्हणतात की सीमेवर मुलांना कोणी उतरवत नाही, तो सगळ्यांबरोबर सहज जाईल. त्याचे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे, पण पासपोर्ट मागच्या वर्षी नवा झाला आणि कार्डावर जुनाच क्रमांक आहे. सोसायटीतले एक गृहस्थ तर म्हणाले की परत येताना त्याला भारतात घेणारच नाहीत. जावई इथे नसल्यामुळे संमतिपत्रावर मी सही केली तर चालेल का? एका मुलासाठी सगळ्यांना खोळंबून ठेवण्यापेक्षा त्याला पाठवूच नये, असेही मनात येते.
— एक आजी, बडोदे

आदरणीय आजी, सादर नमस्कार.

तुमच्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे. नातवाला नेपाळचा व्हिसा लागेल, भारतातून बाहेर पडताना आणि परत येताना पासपोर्टवर शिक्के घ्यावे लागतील, आणि त्यासाठी सोनौलीला बस थांबवावी लागेल. हे काम अवघड नाही, खर्चाचेही फारसे नाही. मात्र ते शाळेच्या वेळापत्रकात आधीपासून लिहिलेले असले पाहिजे. वर्गशिक्षिकांचा हेतू चांगला असला, तरी त्यांनी सुचवलेल्या वाटेने मुलाला नेऊ देऊ नका. त्याचे कारण थोडे सविस्तर सांगतो, कारण शाळेशी बोलताना तुम्हाला ते उपयोगी पडेल.

भारत आणि नेपाळ यांच्यातील सीमा खुली आहे, असे आपण म्हणतो. ती खुली आहे ती या दोन देशांच्या नागरिकांना. ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या शांतता आणि मैत्री कराराने दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांना राहण्याची, व्यापाराची आणि ये-जा करण्याची सारखी मुभा दिली, आणि म्हणूनच नातवाच्या वर्गमित्रांना व्हिसाही लागत नाही आणि शिक्काही. त्यांच्यापैकी १५ वर्षांखालील मुलांना ओळख आणि वय दाखवणारे छायाचित्रासह कागदपत्र, म्हणजे आधार कार्डही, पुरते. १५ ते १८ वयाच्या मुलांना मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेले ओळखपत्र चालते. शाळेने आधार मागितले ते या नियमाला धरूनच. चूक झाली ती एवढीच, की भारतीय नागरिकांसाठी असलेला नियम यादीतल्या प्रत्येक मुलाला लागू होतो असे धरले गेले.

आधार हा रहिवासाशी जोडलेला क्रमांक आहे. तो ठरावीक काळ भारतात राहणाऱ्या परदेशी माणसालाही मिळू शकतो, आणि २०१६ च्या आधार कायद्यातच असे स्पष्ट म्हटले आहे की हा क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. नातवाचे आधार खरे आहे, कायदेशीर आहे, बडोद्यातल्या शंभर कामांना उपयोगाचे आहे. पण नेपाळच्या वेशीवर ते पुढे करणे म्हणजे मी भारतीय नागरिक आहे असे सांगणे होय, आणि ते खोटे ठरते. ओसीआय कार्डाच्या नावात ‘सिटिझन’ हा शब्द असल्यामुळे पुष्कळ घरांत असाच घोटाळा होतो. हे कार्ड म्हणजे व्यवहारात भारतात येण्याचा आणि राहण्याचा आजीवन परवाना आहे. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही. शिवाय भारताने दिलेली ही सवलत भारतापुरतीच आहे. नेपाळचा अधिकारी मुलाचा पासपोर्ट पाहणार, आणि त्या पासपोर्टावरून तो अमेरिकेचा नागरिक आहे.

आता वर्गशिक्षिकांच्या मुद्द्याकडे येतो. सीमेवर खरोखरच कोणी विचारणार नाही, ही शक्यता मी नाकारत नाही. सोनौलीच्या कमानीतून रोज असंख्य माणसे पायी, सायकलने, रिक्षाने इकडून तिकडे जातात, आणि शाळकरी मुलांची बस पाहून कोणाला शंका येण्याचे कारण नाही. अडचण सीमेवर येणार नाही, पुढच्या नऊ दिवसांत येईल. पोखऱ्याच्या वाटेवर गाडीला लहानसा अपघात झाला, मुलाला ताप येऊन रुग्णालयात ठेवावे लागले, हॉटेलात पोलिसांनी तपासणी केली किंवा दोन देशांमधल्या काही कारणाने परतीच्या दिवशी सीमेवर कडक तपासणी सुरू झाली, तर काय होईल याचा विचार करा. त्या क्षणी तो नेपाळमध्ये व्हिसाशिवाय शिरलेला परदेशी मुलगा असतो, ज्याच्या भारतातून निघाल्याची नोंद नाही आणि नेपाळमध्ये आल्याचीही नाही. बरोबरच्या शिक्षकांना हे सगळे परक्या शहरात, रात्री, फोनवर निस्तरावे लागेल. आपल्याकडेही १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकांविषयीचा नवा एकत्रित कायदा लागू झाला असून वैध कागदपत्रांशिवाय भारतात प्रवेश करण्यास त्यात जबर दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. कायद्याच्या उल्लंघनावरून ओसीआय नोंदणी रद्द करण्याची सोय नागरिकत्व कायद्यात आहे. १३ वर्षांच्या मुलावर कोणी एवढी मजल नेईल असे मला वाटत नाही. तरीही ज्या कार्डाच्या आधारावर तो तुमच्या घरी राहतो, शाळेत जातो, ते एका बसथांब्याचा वेळ वाचवण्यासाठी पणाला लावू नये.

सोसायटीतल्या गृहस्थांची भीती मात्र जुन्या नियमावर उभी आहे. पूर्वी ओसीआय कार्डावर जुन्या पासपोर्टचा क्रमांक असेल, तर प्रवासात जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट जवळ बाळगावे लागत, आणि जुना घरी राहिला म्हणून विमानतळावर अडवले गेलेल्यांच्या कहाण्या तेव्हा खऱ्याच होत्या. २०२१ मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. आता २० वर्षांखालील मुलांना पासपोर्ट बदलला की प्रत्येक वेळी नवे कार्ड काढावे लागत नाही. नव्या पासपोर्टची प्रत आणि ताजे छायाचित्र ओसीआयच्या सरकारी संकेतस्थळावर चढवायचे असते, आणि त्याला शुल्क नाही. यासाठी नवा पासपोर्ट मिळाल्यापासून तीन महिन्यांची मुदत आहे. तुमच्या पत्रावरून ती उलटून गेलेली दिसते आणि प्रत चढवली की नाही हे कळत नाही. मुलीला आज रात्रीच बसून ते तपासायला सांगा. झाले नसेल तर मुदत गेली म्हणून न थांबता करून टाका, आणि जी पोच मिळेल ती छापून ओसीआय कार्डाबरोबर ठेवा. जुना पासपोर्टही बरोबर द्यावा, असे मी सुचवीन. त्याची आता सक्ती नाही, पण त्याला वजन नसते, आणि समोरच्याने कार्डावरचा क्रमांक कुठला असे विचारले तर उत्तर हातात असते.

नेपाळचा व्हिसा सीमेवरच मिळतो. १५ दिवसांच्या पर्यटक व्हिसाला ३० अमेरिकी डॉलर लागतात, आणि तुमच्या नऊ दिवसांना तो पुरेसा आहे. अर्ज नेपाळच्या इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर आधी भरता येतो. मात्र तो पोचण्याच्या आधीच्या १५ दिवसांतच भरायचा असतो, म्हणून उत्साहाच्या भरात महिनाभर आधी भरून ठेवू नका. त्यात प्रवेशाचे ठिकाण म्हणून ‘बेलहिया’ निवडावे. सोनौलीच्या समोरच्या नेपाळी नाक्याचे ते नाव आहे. नेपाळमधील मुक्कामाचा पत्ता द्यावा लागतो, तो सहल नेणाऱ्यांकडून आधी मागून घ्या. अर्जाची पावती छापून घ्यावी, सोबत पासपोर्ट आकाराचे दोन फोटो आणि डॉलरच्या स्वच्छ, न फाटलेल्या नोटा द्याव्यात. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा आणि त्यात कोरे पान हवे. नातवाचा पासपोर्ट गेल्याच वर्षीचा असल्याने ती काळजी नाही. ज्यांच्या मुलांच्या अमेरिकी पासपोर्टची मुदत संपत आली आहे त्यांनी मात्र लक्षात ठेवावे, की १६ वर्षांखालील मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, गुजरातमधील लोकांना त्यासाठी मुलासह मुंबईच्या वकिलातीत प्रत्यक्ष जावे लागते, आणि आईवडिलांपैकी एक जण येऊ शकत नसेल तर त्याची नोटरी केलेली संमती लागते. ही कामे सहलीच्या आधीच्या महिन्यात उरकत नाहीत.

सोनौलीला प्रत्यक्षात काय करायचे ते शिक्षकांना नीट समजावून द्यावे लागेल, कारण ही जागा चुकवायला फार सोपी आहे. भारताचे इमिग्रेशन कार्यालय सीमेच्या कमानीच्या अलीकडे आहे. गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रवासी भारतीय किंवा नेपाळी असल्याने तिथे थांबण्याची त्यांना सवय नसते. आधी त्या कार्यालयात पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड दाखवून भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा, मग कमान ओलांडून बेलहियाच्या कार्यालयात व्हिसा आणि प्रवेशाचा शिक्का घ्यायचा. परतताना हाच क्रम उलट, म्हणजे आधी नेपाळचा बाहेर पडल्याचा शिक्का आणि नंतर भारताचा प्रवेशाचा. चारपैकी एक जरी राहिला तरी पुढच्या कार्यालयात तो मागितला जातो आणि मागे फिरावे लागते. एक शिक्षक मुलाबरोबर शेवटपर्यंत असला पाहिजे, आणि गाडी सीमेवर दिवसाउजेडी पोचली पाहिजे. गोरखपूरपासून सोनौली सुमारे १०० किलोमीटरवर आहे, त्यामुळे सकाळी निघाल्यास हे सहज जमते. लुंबिनीला जवळ पडते म्हणून ऐनवेळी एखाद्या लहान नाक्यावरून जाण्याचा मोह चालकांना होतो, तो होऊ देऊ नये; परदेशी पासपोर्टवर ये-जा करण्यासाठी इमिग्रेशनची चौकी असलेलेच नाके वापरायचे असतात.

एका मुलासाठी सगळे खोळंबतील, हे तुमच्या मनाला सर्वांत जास्त लागलेले दिसते. पण आजी, बस तिथे तशीही थांबणारच आहे. भारतीय क्रमांकाच्या गाडीला नेपाळमध्ये शिरताना ‘भन्सार’, म्हणजे जकातीचा परवाना, काढावा लागतो, आणि तो काढायला चालकाला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढ्यातच नातवाचे शिक्के होऊन जातील. गाडी सीमेपलीकडून नेपाळी क्रमांकाची घेणार असतील, तरी सामान उतरवण्या-चढवण्यात वेळ जातोच. गर्दीच्या दिवसाचा विचार करून दोन तास धरावेत. चाळीस मुले तेवढ्यात चहा-नाश्ता करतील, घड्याळे पंधरा मिनिटे पुढे लावतील, कारण नेपाळची वेळ आपल्यापेक्षा तेवढी पुढे आहे, आणि खोळंबा झाला हे त्यांच्या ध्यानातही येणार नाही.

यावर शाळेकडून असाही प्रश्न येईल, की मुख्याध्यापकांच्या सहीची सामूहिक यादी दिली तर परदेशी मुलाला त्यात धरता येणार नाही का. युरोपात अशी सोय आहे. तिथल्या देशांनी १९९४ मध्येच ठरवले, की युरोपीय संघात कायदेशीरपणे राहणारा पण नागरिक नसलेला विद्यार्थी शाळेच्या प्रमाणित यादीवर वर्गाबरोबर शेजारच्या सदस्य देशात व्हिसाशिवाय जाऊ शकतो. आणि ब्रिटनने डिसेंबर २०२३ पासून फ्रान्समधल्या शाळांच्या किमान पाच मुलांच्या गटांना अशीच मुभा दिली आहे, ज्यात वर्गातल्या इतर देशांच्या मुलांनाही वेगळा व्हिसा लागत नाही. मला ही कल्पना फार शहाणपणाची वाटते. पण नेपाळच्या सीमेवर मुख्याध्यापकांचे पत्र चालते ते फक्त भारतीय मुलांसाठी, तेव्हा त्या आशेवर राहू नका.

संमतिपत्राविषयी थोडे स्पष्ट बोलावे लागेल. नातू तुमच्या मांडीवर वाढला असला तरी कायद्याच्या लेखी त्याचे पालक आई आणि वडील आहेत, आणि सही त्या दोघांचीच हवी. मुलीने इथे नोटरीसमोर सही करावी, जावयांनी तिकडच्या नोटरीसमोर करून मूळ कागद कुरिअरने पाठवावा. स्कॅन आधी मागवला तरी मूळ कागदाची वाट पाहावी. पत्र इंग्रजीत असावे, त्यात मुलाचा पासपोर्ट क्रमांक, प्रवासाच्या तारखा, मार्ग, सोबतच्या जबाबदार शिक्षकांचे नाव आणि गरज पडल्यास वैद्यकीय उपचारांना संमती असे सर्व लिहावे. बरोबर जन्मदाखल्याची प्रत द्या. आपल्या भारतीय पासपोर्टात आईवडिलांची नावे असतात, अमेरिकेच्या पासपोर्टात ती नसतात, त्यामुळे संमती देणारी ही बाई मुलाची आईच आहे हे त्या दाखल्याशिवाय कशावरूनच कळत नाही. मुलीचे आडनाव माहेरचे असेल तर अधिकच. तुमची सही लागणार नाही, पण बडोद्यातला तातडीचा संपर्क म्हणून तुमचे नाव आणि फोन क्रमांक जरूर द्यावा.

नावाचीही एक बारीक गोष्ट आहे. गुजरातच्या शाळांत हजेरीपटावर पुष्कळदा आडनाव आधी, मग मुलाचे नाव आणि मग वडिलांचे, असा क्रम असतो. अमेरिकेच्या पासपोर्टात वडिलांचे नाव मधले नाव म्हणून असते किंवा मुळीच नसते. शाळेची यादी, व्हिसाचा अर्ज, रेल्वेचे तिकीट आणि संमतिपत्र या चारही ठिकाणी नाव पासपोर्टात आहे तसे, अक्षरही न बदलता, लिहून घ्या.

एवढे झाल्यावर, काही हरवले तर काय, याची तजवीज करा. काठमांडूत कागदपत्रे हरवली तर बाकीच्या मुलांना लैनचौरच्या भारतीय दूतावासात न्यावे लागेल, नातवाला महाराजगंजच्या अमेरिकी दूतावासात. सोबतच्या शिक्षकांना हा फरक आधीच माहीत असला पाहिजे. अमेरिकी दूतावासाने तातडीचा पासपोर्ट दिला तरी भारतात परत येण्यासाठी ओसीआय कार्ड किंवा भारताचा व्हिसा लागेल, म्हणून हे कार्ड पासपोर्टच्या वेष्टनात न ठेवता वेगळ्या जागी ठेवावे: पासपोर्ट शिक्षकांकडे, कार्ड मुलाच्या गळ्यातल्या पाकिटात, आणि दोन्हींच्या प्रती मुलीच्या फोनमध्ये. परदेशात जाणाऱ्या अमेरिकी नागरिकांसाठी तिथल्या परराष्ट्र खात्याची मोफत नोंदणी असते, तीही करून ठेवावी. घरच्या मेडिक्लेमला नेपाळ चालते का ते विमा एजंटला विचारा; बहुधा नऊ दिवसांचा वेगळा प्रवास विमा घ्यावा लागेल.

जाता जाता शाळेला एवढेही सांगून ठेवा, की पुढच्या वर्षी सहल भूतान किंवा सिक्कीमला न्यायची असेल तर या मुलाचा विचार बेत ठरण्याआधी करावा लागेल. भूतानमध्ये भारतीय पर्यटकाला दर रात्री १,२०० रुपये शुल्क पडते, तर परदेशी पासपोर्टवर तेच १०० डॉलर होते, आणि बारा वर्षे पार केलेल्या मुलाला त्यात सूट नाही. सिक्कीम भारतातच असले तरी ओसीआय कार्ड असलेल्यांना तिथे वेगळा परवाना लागतो, आणि नथुला तर परदेशी पासपोर्टवर पाहताच येत नाही. त्या मानाने नेपाळ फार सोपे आहे.

त्याला पाठवू नये, हा विचार मनातून काढून टाका. मुलाला खरे कारण सांगा. आपला पासपोर्ट वेगळा आहे हे तेरा वर्षांच्या मुलाला ठाऊक असते, आणि सीमेवर अचानक त्याला एकट्याला उतरवले तर तो बावरेल, तेच आधी कळलेले असेल तर शिक्षकांच्या आधी तोच खिडकीपाशी जाऊन उभा राहील. मुलीला घेऊन या आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटा, तोंडी बोलून न थांबता लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शाळेचा शिक्का घ्या. सोनौलीला जाताना आणि येताना दोन तासांचा थांबा, नातवाबरोबर राहणाऱ्या शिक्षकांचे नाव आणि त्याच मार्गाने परत येण्याची हमी, एवढ्या तीन गोष्टी त्यात मागा. आणि तिथे असतानाच, सहलीच्या यादीत त्याच्या नावापुढे लिहिलेला आधार क्रमांक खोडून तिथे पासपोर्टचा क्रमांक लिहिला गेला आहे, हे स्वतः डोळ्यांनी पाहून या.